पीडीएफ प्रिव्ह्यूमध्ये ‘डन’ बटणच दिसत नाही (आयओएस १५)

सांगलीकर_कोडर:
आमच्या पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये सभासदाला खातेउतारा पीडीएफमध्ये दिसतो. तो उघडायला यूआयडॉक्युमेंटइंटरअ‍ॅक्शनकंट्रोलर (फाइलचा प्रिव्ह्यू दाखवणारा अ‍ॅपलचा तयार घटक) वापरलाय. एक्सकोड १३ वर (आयफोन अ‍ॅप बनवायचं अ‍ॅपलचं साधन) बिल्ड केल्यापासून प्रिव्ह्यूची वरची पट्टी पांढरी, आणि तिच्यावरचं शीर्षक नि ‘डन’सुद्धा पांढरंच. बटण जागेवर आहे, अंदाजाने बोट टेकवलं की प्रिव्ह्यू बंद होतो. पण हे वयस्कर सभासदांना कोण सांगणार? ते अ‍ॅपच बंद करतात. मग परत लॉगिन, परत ओटीपी आणि शेवटी शाखेत फोन. काउंटरवरची पोरं कावलीत.

डार्क मोडमध्ये सगळं नीट. आयओएस १४ वरही नीट. अ‍ॅपडेलिगेटमध्ये (अ‍ॅप सुरू होताना चालणारा कोड) जुन्याच ओळी आहेत: बारटिंटकलर (पट्टीचा रंग) मरून, टिंटकलर (बटणांचा रंग) पांढरा. आमच्या स्क्रीनवर मी प्रत्येक नेव्हिगेशनआयटमला (त्या त्या स्क्रीनचा पट्टीवरचा भाग) स्क्रोलएजअपिअरन्स (मजकूर अगदी वर असतानाचं पट्टीचं रूप) देऊन भागवलं. प्रिव्ह्यूचा स्क्रीन आमचा नाही, त्याला कुठे धरू?

रात्रपाळी:
आयओएस १५ पासून मजकूर अगदी वर असताना पट्टी आपोआप पारदर्शक होते. बारटिंटकलर तेव्हा लागू होत नाही, पांढरा टिंट मात्र राहतो. यूआयनेव्हिगेशनबारअपिअरन्स घे (पट्टीचं रूप ठरवणारा क्लास, आयओएस १३ पासून आहे), अपारदर्शक पार्श्वभूमी कर, मरून रंग आणि पांढरं शीर्षक दे, आणि अपिअरन्स प्रॉक्सीवर (सगळ्या पट्ट्यांना एकदम रूप देणारी सोय) स्टँडर्ड (नेहमीचं रूप) नि स्क्रोलएज दोन्हीला तेच लाव. हे पहिली विंडो दिसायच्या आत व्हायला हवं. आधीच पडद्यावर आलेल्या पट्ट्या प्रॉक्सीने बदलत नाहीत.

सांगलीकर_कोडर:
‘डन’ दिसलं, आभार. पण आता तक्रार पाठवायची मेलची खिडकीही मरून झाली. साहेबांना ती आवडलीय, मला नाही.

ओक_वाडी:
सगळ्या गावाला एकच रंग फासला की असंच व्हायचं. यूआयनेव्हिगेशनकंट्रोलरचा (एकावर एक स्क्रीन रचून वरची पट्टी सांभाळणारा घटक) तुमचा स्वतःचा सबक्लास करा आणि ‘व्हेन कंटेन्ड इन इन्स्टन्सेस ऑफ’ वापरून प्रॉक्सी तेवढ्यापुरतीच ठेवा. मेल आपल्या मूळ रूपात येईल.

प्रिव्ह्यूसाठी डेलिगेटमध्ये (प्रिव्ह्यू कसा उघडायचा हे ज्याला विचारलं जातं तो तुमचा कोड) बघा. प्रिव्ह्यूसाठी व्ह्यूकंट्रोलर मागणारी जी मेथड आहे, तिथून बहुतेक तुम्ही सेल्फ (तोच स्क्रीन) देताय, म्हणून तो मोडल (वर वेगळा) उघडतो आणि स्वतःची पट्टी आणतो. त्याऐवजी तुमचा नेव्हिगेशनकंट्रोलर द्या. मग उतारा त्याच स्टॅकवर (स्क्रीनच्या चळतीवर) पुश होतो, मरून पट्टी तुमचीच आणि ‘डन’ऐवजी नेहमीचं मागे जायचं बटण. माझ्या मते सभासदांना हेच सोपं. आणि ते नेव्हिगेशनआयटमवरचं अपिअरन्स काढून टाका. आयटमवरचं बारवरच्याला झाकतं, पुढे रंग बदलायचा झाला तर स्क्रीनमागून स्क्रीन शोधत बसाल.

सांगलीकर_कोडर:
सेल्फच होतं. आता पुश होतोय, मेलही सुटला. एकच अडचण: डॅशबोर्डवरून उतारा उघडला तर पट्टीच नाही, मागे जायची सोयच उरत नाही.

ओक_वाडी:
डॅशबोर्डवर पट्टी लपवलेली असणार. लपवलेली पट्टी पुश केल्यावरही लपलेलीच राहते. डॅशबोर्डच्या व्ह्यूविलडिसअपिअरमध्ये (स्क्रीन जाताना चालणारी मेथड) ती परत दाखवा.

रात्रपाळी:
आणि आयओएस १२ वाले सभासद असतील तर हे सगळं अव्हेलेबल (आयओएसची आवृत्ती बघणाऱ्या) तपासणीच्या आत घाल, जुन्या ओळी एल्समध्ये राहू दे.

सांगलीकर_कोडर:
आहेत ना. आमच्या एका संचालकांचा आयफोन ६ आहे, तो १२ च्या पुढे जातच नाही. एल्स ठेवला. उद्या टेस्टफ्लाइटवर (अ‍ॅपलची चाचणीची सोय) टाकतो.