मदत हवी आहे : एक्सबॉक्स ३६०च्या जुन्या किनेक्टवर समोच्च रेषा शिकवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आमच्या एका सरांच्या घरी एक्सबॉक्स ३६० हा व्हिडिओ गेमचा संच पडून होता. मुलगा शिकायला बाहेर गेला, तेव्हा त्याचा किनेक्ट, म्हणजे खेळणाऱ्याच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, सरांनी शाळेला देऊन टाकला. मला तो वर्गात वापरायचा आहे.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, जवळजवळ असतील तर तीव्र उतार, लांब लांब असतील तर मंद उतार, हे वाक्य माझ्या सगळ्या मुलांना पाठ आहे. पण टोपोशीट (स्थलदर्शक नकाशा) पुढ्यात ठेवून ‘यात कोकणची बाजू कुठली आणि देशाची कुठली?’ विचारलं, की वर्ग गप्प होतो. ही मुलं रोज सह्याद्री बघतात. पश्चिमेला कडा कसा तुटून पडतो आणि पूर्वेला जमीन कशी हळूहळू उतरत जाते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. अडतं ते डोंगर आणि कागद यांच्या मध्ये. स्वतःच्या हाताने डोंगर रचला आणि रेषा त्याच्यावरच उमटताना दिसल्या, तर ही अडचण सुटेल असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठीचं सॉफ्टवेअर तयार आहे आणि फुकट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी ते लिहिलं. ट्रेमध्ये वाळू, तिच्यावर खाली तोंड करून लावलेला किनेक्ट आणि एक प्रोजेक्टर, एवढी मांडणी. किनेक्ट वाळूची उंची मोजतो, संगणक त्यावरून रंग आणि समोच्च रेषा काढतो आणि प्रोजेक्टर त्या वाळूवरच टाकतो. ढिगारा हाताने सरकवला की रेषाही सरकतात. वाळूच्या वर बोटं पसरून हात धरला की तिथे चित्रातला पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाहायला लागतं. पाणलोट क्षेत्र शिकवायला याहून चांगलं काय असणार?

आता अडचणी. किनेक्टच्या वायरचं टोक लॅपटॉपच्या यूएसबीत जातच नाही. शाळेच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वर्गाला पूर्वेकडे मोठ्या खिडक्या आहेत आणि माझा तास सकाळचा असतो. किनेक्टच्या खाली १४१४ हा मॉडेल नंबर आहे, तो चालेल का? नवीन घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत, तेव्हा आहे त्यात काय जमेल ते सांगा.

प्रतिसाद

ताई, १४१४ अगदी चालतो. हा २०१० सालचा पहिला किनेक्ट. पुढचा १४७३ मिळाला तरी चालला असता.

वायरचं आधी बघू. किनेक्टला १२ व्होल्ट लागतात, साध्या यूएसबीतून ५च मिळतात. म्हणून एक्सबॉक्स ३६०च्या नंतरच्या मॉडेलमध्ये त्याच्यासाठी वेगळं पोर्ट होतं. जुन्या एक्सबॉक्ससाठी एक अडॅप्टर यायचा : एका बाजूला किनेक्टची पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी आणि भिंतीत लावायचा चार्जर. सरांच्या घरी मूळ खोकं असेल तर आधी त्यात शोधा. नसेल तर तसाच अडॅप्टर वेगळा विकत मिळतो. यूएसबी हब मध्ये घालू नका, थेट लॅपटॉपला जोडा.

लॅपटॉपचं म्हणाल, तर क्रेलोस यांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं आणि त्यातल्या वाहत्या पाण्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर ‘मॅजिक सँड’ हे दुसरं सॉफ्टवेअर बघा. त्याच कल्पनेवर आहे, विंडोजवर चालतं आणि लॅपटॉपवर फार ताण देत नाही. पाऊस मिळणार नाही, पण तुमचं मुख्य काम रेषांचं आहे.

प्रतिसाद

खिडक्यांचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. हा किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांची नक्षी समोर टाकतो आणि ती कुठे किती सरकली यावरून अंतर काढतो. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, त्यात ठिपके बुडून जातात. वाळूवर थेट ऊन आलं तर तिथली उंची गायब! जाड पडदे लावा, नाहीतर सरळ आतली खोली घ्या. प्रोजेक्टरलाही अंधारच हवा.

ट्रे ४० बाय ३० इंचांचा करून घ्या आणि किनेक्ट साधारण ४० इंच उंचीवर ठेवा. किनेक्टचं चित्र ४:३ आकाराचं असतं, म्हणून ट्रेही त्याच प्रमाणात. चार इंच वाळू भरली तर वजन शंभर किलोच्या वर जातं. बाकावर ठेवू नका, सुताराकडून चाकं लावलेलं भक्कम टेबल करून घ्या. वाळू चाळलेली आणि शक्य तितकी पांढरी घ्या. काळपट वाळूवर रंग उठत नाहीत.

आणि किनेक्टची मान खाली वळवायला हाताने पिरगाळू नका, आत मोटर आहे. तो आख्खाच आडव्या पट्टीला बांधा.

प्रतिसाद

मी विज्ञान शिकवतो. माझ्याकडे प्लेस्टेशन ३ या दुसऱ्या गेम संचाचा ‘आय’ कॅमेरा आहे. तो इथे चालेल का?

प्रतिसाद

सर, वाळूसाठी नाही. तो साधा कॅमेरा आहे, अंतर मोजत नाही. पण टाकून देऊ नका. ६४० बाय ४८० चित्राला सेकंदाला ६० फ्रेम देतो आणि ३२० बाय २४०ला १२०. लंबकाचं आंदोलन किंवा घरंगळणारी गोटी टिपायला छान आहे. लेन्सभोवतीची कडी फिरवली की जवळचं ५६ अंशांचं किंवा रुंद ७५ अंशांचं दृश्य मिळतं. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांकडे खोकं मिळालं आणि अडॅप्टर त्यातच होता! प्रयोगशाळेची आतली खोली मुख्याध्यापकांनी दिली आहे. मॅजिक सँडनेच सुरुवात करते.

एकच राहिलं. शाळेचा प्रोजेक्टर लांबून चित्र टाकणारा आहे, ट्रेच्या वर तेवढी उंची मिळणार नाही. आरशावरून चित्र वळवून कुणी असं केलं आहे का? की कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टरच लागेल? कराड-सातारा भागात कुणाकडे तसा ४:३चा जुना प्रोजेक्टर वापराविना पडला असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी येऊन घेऊन जाईन.