शुक्रवारची एकच चाचणी पुरत नाही

इंग्रजी शिकवताना सोमवारी व्याकरण, मंगळवारी वाचन, बुधवारी लेखन, गुरुवारी संभाषण आणि शुक्रवारी चाचणी, अशी विभागणी केली की मुलांवर ताण येत नाही, असं काही जण म्हणतात. ताण येत नाही हे खरं. पण सोमवारी शिकवलेल्या भूतकाळाला मग शुक्रवारपर्यंत कुणी हातच लावत नाही, आणि तोवर त्यातलं बरंचसं विसरलेलं असतं. माझ्या इंग्रजीच्या वर्गात आठवडाभर एकच लहानसा उतारा चालतो. व्याकरण, लेखन, बोलणं सगळं त्याच्याच आधाराने. शिवाय रोज तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. कालचं जे आठवेल ते वहीत लिहायचं, मग पुस्तक उघडून आपलं आपणच तपासायचं. मंगळवारी बऱ्याच वह्यांत ‘यस्टर्डे ही गो’ असतं. गुरुवारी तीच मुलं लिहिता लिहिता थांबतात, ‘गो’ खोडतात आणि वर ‘वेंट’ लिहितात, कुणी न सांगता. ही खाडाखोड मला शुक्रवारच्या गुणांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग इथे कामाचा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. फक्त वर्गातल्या या रोजच्या पाच मिनिटांना गुण ठेवू नका, नाहीतर मुलं शेजारच्या वहीत डोकावू लागतात.