मदत हवी आहे: दर महिन्याचा बॉक्स चालू ठेवू की बंद करू? परवा पैसे कापले जातील

अबोली२७
नमस्कार. जरा घाईत आहे, लवकर सल्ला द्या. परवा रात्री आमच्या बॉक्सचे पैसे पुन्हा कापले जाणार. आठ महिने झाले घेतोय. आता वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन बॉक्स फुकट मिळतील असा मेल आलाय, आणि ती सवलत उद्या संपतेय. नवरा म्हणतो बंद कर, पैसे पाण्यात चाललेत. मला ते पटत नाही, पण चालू ठेवू या असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुणी असे बॉक्स वर्षभर घेतलेत का? पैसे वसूल होतात का?

मनमौजी
कसला बॉक्स ते लिहिलंच नाहीत. पुस्तकांचा, कॉफीचा, मेकअपचा? सगळं त्यावरच आहे. मी कॉफीचा घेतो, दोन वर्षं झाली, एकदाही पस्तावलो नाही. पिशवीवर भाजल्याची तारीख असते आणि माझ्याकडे ती आठवड्याच्या आत पोचते. २५० ग्रॅमची पिशवी, रोज दोन कप, एका कपाला १५ ग्रॅम, म्हणजे आठ दिवसांत फस्त. साठून राहायचा प्रश्नच येत नाही. डोळे झाकून घ्या.

हिशेबनीस
मनमौजी, कॉफी संपते म्हणून तुमचं जमतं. ज्या वस्तू संपत नाहीत त्यांचं गणित निराळं.

अबोलीताई, बॉक्स कसलाही असो, आजवर भरलेले सगळे पैसे मांडा आणि त्याला भागा. आलेल्या वस्तूंनी नाही, *वापरलेल्या* वस्तूंनी. जो आकडा येईल तीच त्या वस्तूची खरी किंमत. तेवढ्यात ती सुटी मिळत असेल तर बॉक्स बंद करा. पत्रकावर "एकूण मूल्य अमुक" असं छापलेलं असतं त्याकडे पाहूच नका. ते मूल्य विकणाऱ्यानेच ठरवलेलं असतं.

यावर अभ्यास झालेला आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या नोंदी तपासल्या, निबंध २००६ मध्ये आला. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे लोक सरासरी चारच्या आसपास वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. याहून बोलका आकडा पुढचा आहे. शेवटचं जिमला जाणं आणि सभासदत्व रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेला होता. जाणं बंद, पैसे चालू. स्वतःला विचारा, तुमचे ते दोन महिने सध्या चालू आहेत का?

चिमणी
हिशेबनीस, सगळंच भागाकारात बसत नाही हो. मी दीड वर्ष मेकअपचा बॉक्स घेतला. पत्रकावरच्या मूल्याबद्दल तुमचं अगदी बरोबर. ३० मिलिची बाटली असते, आपल्याला येते २ मिलिची कुपी, आणि बाटलीच्या भावाने तिची किंमत लावून बेरीज फुगवतात. पण महिन्यातून एकदा दारात आपल्या नावाचं काहीतरी येतं, आत काय आहे ते माहीत नसतं, याला काहीच मोल नाही का? त्या दीड वर्षात माझी आई आजारी होती. त्या एका संध्याकाळची मी वाट पाहायचे.

शेवटी मी बंद केलं ते वेगळ्याच कारणाने. डब्यांवर उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात ६एम किंवा १२एम असं लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने वापरायचं. एकदा खण रिकामा केला तर उघडून मुदत उलटलेल्या अकरा वस्तू निघाल्या.

हिशेबनीस
चिमणी, वाट पाहण्याला मोल आहे, मान्य. पण अकरा वस्तू टाकल्यात हे तुम्हीच लिहिलंत. मग भागाकार चुकला कुठे?

चिमणी
चुकला असं म्हटलंच नाही. अपुरा आहे म्हटलं.

पुस्तकवेडा
थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९२६ साली बुक ऑफ द मंथ क्लब निघाला. महिन्याचं पुस्तक निवडून सभासदाला आधी कळवायचे. नको असेल तर कार्ड भरून वेळेत परत पाठवायचं. पाठवायचं राहिलं की पुस्तक दारात आणि बिल नावावर. नकार कळवला नाही म्हणजे होकार. पुढे अशा योजनांसाठी तिथल्या सरकारला १९७३ मध्ये नियम करावा लागला. आज कार्डाच्या जागी आपोआप कापले जाणारे पैसे आले, एवढाच फरक. म्हणून मी म्हणतो, प्रश्न उलटा करून पाहा. हा बॉक्स आज तुमच्याकडे नसता आणि उद्या नव्याने घ्यायचा असता, तर घेतला असता का?

अबोली२७
अहो, मला उद्यापर्यंत ठरवायचंय आणि इथे कॉफी आणि मेकअप चाललंय! मुलीचा बॉक्स आहे, विज्ञानाच्या खेळांचा. दर महिन्याला एक वस्तू बनवायची, आत सगळं सामान आणि चित्रांचं पुस्तक. बॉक्स म्हटलं की कळेल असं वाटलं मला.

सुनीलकाका
हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर? असो. मुलगी केवढी आहे? स्वतः बनवते की तुम्ही बसता सोबत? आठांपैकी किती पूर्ण झाले?

माझं स्पष्ट मत सांगतो, बॉक्सची गरजच नाही. बंद पडलेली खेळणी, जुना रेडिओ, स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात द्या. माझी दोन्ही मुलं मोडून जोडूनच शिकली. आयतं मोजून दिलेलं सामान आलं की डोकं चालवायचं काम कंपनीने आधीच केलेलं असतं.

रेशीमगाठ
काका, दिवसभर नोकरी करून आल्यावर वायरी, मोटर, योग्य मापाचा स्क्रू कोण शोधत बसणार? आमच्याकडे तसं सामान "या रविवारी आणू" म्हणत वर्ष गेलं. बॉक्स आला की बसावंच लागतं. पैसे सामानाचे नसतात, जमवाजमव वाचते त्याचे असतात.

सुनीलकाका
त्या जमवाजमवीतच अर्धं शिक्षण आहे, मी तेच म्हणतोय.

रेशीमगाठ
ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी, काका. सगळ्यांकडे नसतो.

गार्गीची_आई
कुणी विचारलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. अशा बॉक्समध्ये कधीकधी बटन सेल असतात, नाण्यासारखे चपटे. घरात लहान भावंड असेल तर बॉक्स आल्याआल्या ते बाजूला काढा. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात. आमच्या ओळखीत हे झालंय. बाळ वाचलं, पण महिनाभर फार कठीण गेला.

अबोली२७
धन्यवाद गार्गीची आई, आत्ताच पाहिलं. आमच्याकडे साधे पेन्सिल सेल आहेत.

काका, मुलगी आठ वर्षांची आहे. पहिले चार बॉक्स तिने स्वतः बनवले, मी फक्त कात्री चालवायला. आला त्याच दिवशी उघडायची, जेवायलासुद्धा उठायची नाही. पाचवा अर्धवट राहिला. सहावा उघडला आणि परत बंद केला. सातवा, आठवा कपाटावर आहेत, टेपसुद्धा काढलेली नाही. नवरा रोज त्यांच्याकडे बोट दाखवतो. हिशेबनीस, तुमच्या भागाकाराने बॉक्स दुप्पट किमतीला पडतोय, ते मला कळतंय. पण ते पहिले चार महिने आठवले की बंद करायला हात धजत नाही.

हिशेबनीस
मग उत्तर मिळालं की. चार महिने उत्साह, चार महिने धूळ. वर्षाचे पैसे अजिबात भरू नका. दोन बॉक्स फुकट म्हणजे कपाटावर आणखी दोन.

अनुजा_द
थांबा जरा. चार महिने जेवायला न उठणारी मुलगी पाचव्यालाच का थांबली? पाचव्यात काय होतं?

अबोली२७
मोटर. तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि सेल. वेटोळं पिनांमध्ये ठेवलं की फिरायला हवं. फिरलंच नाही. दोन संध्याकाळी बसली होती, सेल बदलले, पिना वाकवून पाहिल्या. शेवटी "मला येत नाही हे" म्हणून उठली. पण हे विचारायला मी आले नव्हते. वर्षाची वर्गणी भरू की नको, एवढंच सांगा.

अनुजा_द
अबोली, उत्तर तिथेच आहे म्हणून विचारतेय. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ही मोटर दर वर्षी निम्म्या वर्गाची फिरत नाही. ती तार उघडी दिसते, पण तिच्यावर पारदर्शक थर असतो, वाइंडिंगच्या तारेवर असतो तो. वीज आत शिरतच नाही. पॉलिश पेपर घ्या. एका टोकाची तार सगळ्या बाजूंनी घासा, लालसर चमक येईपर्यंत. दुसऱ्या टोकाची *फक्त अर्धी* बाजू घासा. वेटोळं टेबलावर उभं धरायचं आणि तारेची वरची बाजू तेवढी घासायची, खालची तशीच ठेवायची. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर अर्ध्या फेरीनंतर लोहचुंबक त्याला उलट ढकलतो आणि ते जागच्या जागी थरथरत राहतं. अर्धी घासली की त्या अर्ध्या फेरीत वीज बंद होते आणि वेटोळं आपल्या वेगाने पुढे निघून जातं. सुरुवातीला बोटाने हलकी टिचकी मारायला लागते. आणि फिरवून झालं की सेल काढा, तार तापते.

पुस्तकात हे चित्रात दाखवलेलं असेल, पण बारीक असतं, सुटतं नजरेतून.

मनमौजी
कंपनीला तक्रार करा, बॉक्स बदलून देतील. माझी एकदा पिशवी फाटून आली होती, लगेच नवी पाठवली.

सुनीलकाका
पाहा, मी म्हणत होतो ते हेच. तारेवर थर असतो हे मोडून जोडून शिकलेल्या मुलाला माहीत असतं.

अनुजा_द
काका, तिला कसं माहीत असणार? आठ वर्षांची आहे. कुणीतरी एकदा सांगावंच लागतं. बॉक्स काय किंवा जुना रेडिओ काय, अडल्यावर विचारायला कुणी नसेल तर दोन्ही कपाटावरच जातात.

सुनीलकाका
हे मात्र मान्य. माझ्या मुलांच्या शेजारी मी बसायचो, ते मी लिहायचं विसरलो.

अबोली२७
आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. पॉलिश पेपर घरात नव्हता, नखं घासायची कानस वापरली. एक टोक मी घासलं. दुसरं तिने हिसकावून घेतलं, "अर्धंच ना?" असं चार वेळा विचारून. पहिल्यांदा थरथरलं फक्त. तिने काहीच म्हटलं नाही, वेटोळं काढलं, डोळ्याजवळ धरून टोकाकडे पाहिलं, पुन्हा दोनदा घासलं. मग टिचकी मारली आणि ते फिरलं. इतकं जोरात की वेटोळं दिसेनाच, नुसती तांबूस धूसर गोळी दिसत होती. ती ओरडली नाही, नाचली नाही. खुर्चीवर गुडघे टेकून बघत राहिली, आणि बाबाला बोलवायला सांगितलं. बाबा आले. आता दोघं मिळून लोहचुंबक उलटा ठेवला तर उलटं फिरतं का ते पाहताहेत.

अनुजाताई, काय लिहू, कळत नाही.

गार्गीची_आई
वाचून डोळे भरले. सेल काढून ठेवा झोपताना.

रेशीमगाठ
मग आता चालू ठेवाच!

हिशेबनीस
मला मनापासून आनंद झाला, पण वर्षाचे पैसे तरीही भरू नका. तीन बॉक्स शिल्लक आहेत, ते तीन महिने पुरतील. तोवर नवा बॉक्स कशाला? खात्यात कुठेतरी एखादा महिना वगळायची सोय असते, ती शोधा. नसेल तर रद्द करा, लागेल तेव्हा पुन्हा सुरू करता येतं. उद्या संपणारी सवलत पुढच्या महिन्यात वेगळ्या नावाने येते, हा माझा अनुभव आहे.

चिमणी
या वेळी हिशेबनीसांशी सहमत. आणि कपाटावरचे एकदम खाली काढू नका, महिन्याला एकच द्या. वाट पाहणं तिचंही राहू दे.

अबोली२७
वगळायची सोय सापडली. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, त्याच्या आधी तीनदा "नक्की का?" विचारलं. तीन महिने वगळले, वर्षाची सवलत सोडली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो बंद करू नकोस मात्र.

सहावा उद्या देणार होते, पण तिने आत्ताच खाली काढून घेतला. दोन छोटे आरसे निघालेत आणि पुठ्ठ्याची लांब नळी, आडोशाआडून पाहायचा पेरिस्कोप बनवायचाय. ४५ अंशांत चिकटवायचे असं लिहिलंय. अनुजाताई, यात कुठे अडतं ते आधीच सांगून ठेवा.

अनुजा_द
दोन्ही आरसे एकमेकांना समांतर आणि तोंडं समोरासमोर. डिंक लावण्याआधी चिकटपट्टीने नुसते टेकवा, नळीतून डोकवा, दिसतंय ना खात्री करा, मगच चिकटवा. आणि आरशांच्या कडांना पट्टी लावून घ्या, बोटं कापतात.