शाळेत परसबागेची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे: जमीन मुरमाड, पाणी बेताचं. आखणी कशी करावी?

खडू_फळा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ८६. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. आवार १२ गुंठ्यांच्या आसपास, त्यातलं निम्मं मैदान. जमीन मुरमाड, कुदळ मारली की खणखणते. बोअर फेब्रुवारीपासून कुरकुरतो. हात धुतलेलं आणि ताटं धुतलेलं पाणी फाटकापाशी डबकं करून साचतं.

शाळा उघडली की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस कार्यशाळा घ्यायचा विचार आहे. शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, स्वयंपाकाच्या ताई, काही पालक आणि चौथी-पाचवीची मुलं मिळून ३५-४० जण. डोक्यात आहे ते असं: १२ गादीवाफे, प्रत्येक मुलामागे एक झाड आणि भिंतीवर टांगलेल्या बाटल्यांमध्ये पालेभाज्या. कुठे चुकतंय? माती किती मागवायची, सांडपाण्याचं काय करायचं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळं जगवायचं कसं?

---

वाफसा यांचं उत्तर:

सर, खोदकाम आणि लागवड एकाच वेळी ठेवू नका. कोरड्या मुरमात एक फूट खोल जायला टिकाव आणि पहार लागते, तिथे मुलांचा उपयोग नाही. वाफे आणि खड्डे मेमध्येच मोठ्या माणसांकडून खोदून घ्या, उन्हात तापू द्या. कार्यशाळा पहिल्या चांगल्या पावसानंतर, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर. तारीख आधी छापू नका, ‘पाऊस झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी’ असं सांगून ठेवा. चिखलात तुडवलेली माती वाळली की ढेकळं होतात आणि पुढचे दोन महिने ती फोडत बसावं लागतं.

गादीवाफे तुमच्याकडे नकोत. उंच वाफा काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीसाठी. मुरमात पाणी तसंही खाली झिरपतं, त्यावर वाफा उचललात तर तो चारही बाजूंनी वाळणार. तुमच्याकडे उलटं करा: एक फूट मुरूम काढा, भरणी करा, वाफ्याचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खालीच ठेवा आणि निघालेल्या मुरमाचा चारी बाजूंनी बांध घाला. तरीही खात्री करून घ्या. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर खाली पाषाण आहे, ती जागा सोडा.

वाफ्याचं माप १० फूट बाय ३ फूट. रुंदी तीनच का, तर चौथीच्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे. चार फूट केलेत की मुलं वाफ्यात पाय देणार. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट. बारा नाही, पहिल्या वर्षी सहाच.

मातीचा हिशोब: एक वाफा १० × ३ × १ = ३० घनफूट, सहा वाफे १८०. निम्मा तलावातला गाळ, तीस टक्के कुजलेलं शेणखत, उरलेला चाळलेला मुरूम. म्हणजे गाळ ९० घनफूट, एक ब्रासला (१०० घनफूट) थोडा कमी. शेणखत ५४ घनफूट, अर्ध्या ब्रासहून किंचित जास्त. मुरूम जागचाच. पहिल्या पावसात भरणी दोन-तीन इंच बसते, म्हणून गाळ पूर्ण एक ब्रास मागवा. नुसता गाळ भरायचा मोह होतो, दिसायला काळाभोर असतो. पण तो वाळला की भेगाळतो आणि कोवळी मुळं तुटतात. मुरूम मिसळायचा तो त्यासाठी.

शेणखत स्वतः हात घालून बघून घ्या. गरम लागलं, शेणाचा वास आला, तर परत पाठवा. अर्धकच्च्या खतातून हुमणी आणि तण दोन्ही येतात. हुमणीची पांढरी अळी ऑगस्टमध्ये मुळं खाते तेव्हा कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं फार काही उरत नाही.

जागा ठरवताना एक फसवणूक होते. जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, त्यामुळे खोल्यांच्या उत्तरेची जागाही लख्ख उन्हात दिसते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि १२ फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी ११ फूट लांब पडते. मेथी-पालकाचा खरा हंगाम नेमका तोच. उत्तरेला वाफे घ्यायचेच तर भिंतीपासून १२ फूट सोडून घ्या.

---

पाटकरी यांचं उत्तर:

वाफे किती हे पाण्यावरून ठरवा. १० × ३ च्या वाफ्याला हिवाळ्यात रोज १०-१२ लिटर लागतं, एप्रिलमध्ये २० च्या पुढे. वर दोन-तीन इंच पाचटाचं किंवा वाळल्या पाल्याचं आच्छादन असेल तर बरंच कमी. म्हणजे सहा वाफे उन्हाळ्यात १२० लिटर पिणार. बोअर कुरकुरत असताना ते द्यायचंच नाही, भाजीपाला मार्चअखेर बंद.

सांडपाणी आधी मोजा. नळाखाली बादल्या लावून एक दिवस मुलांनाच मोजू द्या, पाचवीचं गणित होऊन जाईल. हात आणि ताट धुवायला मुलामागे दोन लिटर धरले तरी ८६ मुलांचे १७० लिटर होतात.

करायचं असं. नळाच्या कट्ट्याखाली आधी बारीक जाळी. तिच्यापुढे तळाला आणि काठाला भोक असलेली २० लिटरची जुनी बादली. तळाचं भोक बूच लावून बंद, फक्त सफाईसाठी. शितं आणि गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, म्हणून काठाच्या भोकाला आतून कोपर (पाइपाचा काटकोनी तुकडा) लावून त्याचं तोंड पाण्यात बुडतं ठेवा. तिथून १० फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर. खालच्या फुटात ४० मिलिमीटरची खडी, वर अर्धा फूट २० मिलिमीटरची. उतार दहा फुटांना एक इंच पुरे. दीड दीड फुटावर कर्दळ. चराच्या शेवटी केळी आणि पपईची आळी.

हे बिघडतं ते तीन कारणांनी. एक, ताटं न पुसता नळाखाली धरली की वरणभात चरात जातो, सडतो आणि आठ दिवसांत वास सुटतो. ताटातलं उष्टं आधी वेगळ्या बादलीत, मगच ताट नळाखाली. दोन, बादली कोणी साफ करत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ती रिकामी व्हायलाच हवी, वार ठरवा आणि वर्ग ठरवा. तीन, पाणी खडीच्या वर येतं आणि डास होतात. पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापासून तीन-चार इंच खाली राहिली पाहिजे, म्हणून बाहेर जायचं भोक त्या उंचीवर.

आणि हे पाणी टाकीत साठवू नका. ज्या दिवशीचं त्या दिवशी झाडाला. पालेभाजीला तर अजिबात नाही, साबणाचं आणि उष्ट्याचं पाणी पानावर नको. केळी, पपई, शेवगा, सावलीची झाडं यांना चालतं.

पत्र्याचं पाणीही वाया घालवू नका. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २० × २५ फुटांची खोली ४६ चौरस मीटर भरते. ६०० मिलिमीटर पाऊस धरला, गळती-उडणी वीस टक्के वजा केली, तरी २२ हजार लिटर. टाकी परवडत नसेल तर पन्हळ लावून ते निदान झाडांच्या आळ्यांकडे वळवा.

---

परडी यांचं उत्तर:

पिकांचं मी सांगते. पण आधी एक गैरसमज काढून टाका, नाहीतर दिवाळीपर्यंत सगळे नाराज होतील. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. ८६ मुलांना ४ किलो ३०० ग्रॅम. तुमच्या एका वाफ्यातून मेथीची एक कापणी चांगली आली तर अडीच-तीन किलो. म्हणजे सहा वाफ्यांवर रोजची भाजी भागणार नाही. आठवड्यातून एक दिवस पालेभाजी, आणि कढीपत्ता-कोथिंबीर रोज, एवढं ठरवलंत तर बाग त्याला पुरेल.

जूनला भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, लाल माठ. कुंपणाला दोडका, कारलं, दुधी. भेंडी दीड फूट बाय एक फूट, एका ठिकाणी दोन बिया, उगवल्यावर एकच ठेवायची. मुलांना ते एक रोप उपटवत नाही, दोन्ही ठेवतात आणि दोन्ही काटकुळी होतात. पहिली तोड ४५-५० दिवसांनी. तोड दिवसाआड झाली नाही की भेंडी जून होते आणि झाड फळणं थांबवतं. रविवारची सुट्टी धरून शनिवारी लहान भेंड्याही तोडून घ्या.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा दिवाळीच्या सुट्टीकडे बघून पेरा. मेथी २५-३० दिवसांत, पालक ३०-३५ दिवसांत तयार होतो. सुट्टी लागायच्या दहा दिवस आधी पेरलंत तर कोवळी रोपं पाण्यावाचून जातात. सुट्टी संपल्यावरच पेरा, डिसेंबरात दोनदा कापता येईल. धने अख्खे पेरू नका. चपलेने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा.

बाटल्यांचं सोडून द्या, सर. एक लिटरच्या आडव्या बाटलीत दोन मुठी माती बसते, दुपारी बाटलीसकट तापते, मुळं शिजतात. फोटोपुरतं छान दिसतं. रोपं तयार करायला खालच्या बाजूने भोकं पाडून सावलीत ठेवलेल्या बाटल्या चालतील. टायरही कुणीतरी आणून देईलच. त्याच्या आतल्या कडेत पाणी साचून डास होतात, म्हणून वरची कड कापून टाका आणि खाली भोकं पाडा.

मावा, तुडतुडे आले तर निंबोळी अर्क: वाळलेल्या निंबोळ्या अर्धा किलो कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून १० लिटर करायचं, २० ग्रॅम साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारायचं. अर्क रोज ताजा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच मुलांकडून गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. जीवामृत शिकवायचं असेल तर २० लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळून. झाकण घट्ट लावू नका, वायू धरतो. दहापट पाण्यात मिसळून मुळाशी, आठवड्याच्या आत संपवायचं.

---

डोंगरवाट यांचं उत्तर:

झाडांवर दोन शब्द. ८६ झाडं लावाल, मेपर्यंत ८ राहतील. तेव्हा ८-१०च लावा, पण तीन-चार फुटी रोपं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा. भरताना गाळ, दोन घमेली शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड, वाळवीसाठी. पिशवी फाडून काढायची (हो, पिशवीसकट लावलेली रोपं दरवर्षी दिसतात) आणि तळाशी गोल फिरलेली मुळं विळ्याने कापायची. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ लिटर, म्हणजे दहा झाडांना आठवड्याला ३०० लिटर. सांडपाणी सुट्टीत बंद असतं हे विसरू नका. तेवढ्या दिवसांसाठी प्रत्येक आळ्यात, रोपापासून फूटभर अंतरावर, बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून झाकण ठेवा. झाडामागे एक घर ठरवून घ्या, त्यांनी तिसऱ्या दिवशी मडकं भरायचं.

जागा: मैदानाची पश्चिम बाजू. शाळा दुपारी असते, सावली हवी ती पश्चिमेच्या उन्हापासून. आधी फक्की मारून खो-खोचं मैदान आखा, मगच खड्डे. कडुनिंब, चिंच, करंज भिंतीपासून १५-२० फुटांवर. आपटा, कांचन १० फुटांवर चालतील. गुलमोहर नको, मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ. शेवगा घ्या, पण तीन फुटांवर शेंडा खुडून बुटका ठेवा. मुलं लोंबकळली की फांदी काडकन जाते. बहावा देखणा, पण शेंगेतला गर चाखला की जुलाब. तो फाटकाबाहेर.

कुंपणाला पालक हमखास मोगली एरंडाची किंवा शेराची छाटं आणून देतात, कारण ती फुकट असतात आणि शेळ्या खात नाहीत. दोन्ही आवारात नकोत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि मुलांना विषबाधा होते, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा. पिवळी कण्हेर, गुंज, धोत्रा आधीच उगवलेले असतील तर कार्यशाळेच्या पहिल्या तासाला हातमोजे घालून मोठ्यांनी काढावेत आणि मुलांना ओळखून दाखवावेत. कुंपणाला अडुळसा, मेंदी, करवंद. ते वाढेपर्यंत बोरी-बाभळीच्या फांद्या, काटे बाहेरच्या बाजूला.

---

खडू_फळा:

बाटल्या रद्द, बारा वाफ्यांचे सहा. दोन दिवसांत ४० जणांना कामाला कसं लावायचं? सगळे एकाच खड्ड्याभोवती उभे राहतील अशी भीती आहे. आणि आमच्याकडे माकडं आहेत.

---

वाफसा:

पाच गट, आठ-आठ जणांचे, प्रत्येकात किमान दोन मोठी माणसं आणि स्वयंपाकाच्या ताई किंवा समितीचा एक सदस्य. पहिला दिवस: दोन गट वाफे भरायला, दोन चर आणि बादलीवर, एक झाडांवर. जेवणानंतर अदलाबदल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पेरणीला, दुपारी आच्छादन आणि कुंपण. फावडी ५, कुदळी ४, घमेली १२, खुरपी १५, झाऱ्या ४, टेप २, सुतळीचा एक गुंडा, खुंट्या ३०. खुरपी मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. मुलांच्या हातात कुदळ नाही.

शेवटचा तास पेरणीसाठी नाही, वेळापत्रकासाठी. पाणी कोण, बादली कोण, तोड कोण, सुट्टीतलं मडकं कोणाचं घर. समितीच्या ठरावात नावं लिहून सह्या घ्या आणि कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावा.

---

परडी:

माकडं असतील तर मका, भुईमूग, केळी, पपई विसरा. चराच्या शेवटी केळीऐवजी शोभेची कर्दळच वाढवा आणि कडेला लिंबू. मिरची, कारलं, हळद, आलं यांच्या वाट्याला माकडं सहसा जात नाहीत. वांगी-भेंडीवर जुनी मच्छरदाणी बांबूच्या कमानीवर ताणून बांधा, कडा मातीत दाबून.