अनेक पोर्टांचा यूएसबी चार्जर: स्वस्त घेताना नेमके काय गमावतो?

प्रश्न
दोन फोन, एक टॅबलेट आणि एक लॅपटॉप यांसाठी चार पोर्टांचा एकच चार्जर घ्यावा असा विचार आहे. नामांकित कंपनीच्या ६५ वॉटच्या चार्जरला जेवढे पैसे पडतात, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत अनोळखी नावाचा, १०० वॉटचा दावा करणारा आणि दोन पोर्ट जास्त असलेला चार्जर मिळतो. सीई ही अक्षरे दोन्हींवर आहेत. मग जास्तीचे पैसे केवळ नावाचे आहेत की आत खरोखरच काही वेगळे असते?

उत्तर १
वेगळे असते, आणि ते बाहेरून दिसत नाही. चार्जरच्या एका बाजूला घरातील वीज असते (२३० व्होल्टच्या पुरवठ्यात तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते) आणि दुसऱ्या बाजूला आपण हातात धरतो ती केबल. या दोहोंना कायम अलग ठेवणे, हे चार्जरचे सर्वांत महत्त्वाचे काम. चांगल्या चार्जरमध्ये सर्किट बोर्डवर दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटरचे मोकळे अंतर राखलेले असते, बऱ्याचदा तिथे बोर्डला खाचही पाडलेली असते, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा, विद्युत गोंगाट कमी करणारा छोटा घटक म्हणजे वाय वर्गाचा कपॅसिटर अशा चाचण्यांतून गेलेला असतो की तो सहसा शॉर्ट होऊ नये. हलक्या मालात ते अंतर मिलिमीटरभरावर येते आणि त्या कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर बसवलेला आढळतो. तो शॉर्ट झाला तर घरातील वीज थेट केबलच्या धातूच्या टोकापर्यंत पोहोचू शकते. त्या क्षणापर्यंत फोन मात्र अगदी व्यवस्थित चार्ज होत असतो, म्हणून ‘माझा तर चांगला चालतो’ या अभिप्रायांना या बाबतीत फारसा अर्थ नाही.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण किंमत जास्त म्हणजे चार्जर सुरक्षित, असेही नाही, कारण नामांकित कंपन्यांच्या नकला जवळजवळ मूळ किमतीलाही विकल्या जातात. सीई ही वस्तू युरोपीय नियमांत बसते अशी निर्मात्याने स्वतः केलेली घोषणा असते. यूएलसारख्या स्वतंत्र चाचणी संस्थेची नोंद मात्र त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते, आणि ती मॉडेल क्रमांकाशी जुळते का, हे पाहावे. अशा उपकरणांसाठीचे सुरक्षा मानक आयईसी ६२३६८-१ हे आहे. वजनावरून पारख करू नये, कारण आत लोखंडाचा तुकडा घालून वजन वाढवल्याची उदाहरणे आहेत.

उत्तर ३
१०० वॉटच्या दाव्याबद्दल थोडे. कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी ६५ वॉट देताना सुमारे ७ वॉट उष्णता त्या बंद डबीत साठते, आणि १०० वॉट देताना ती ११ वॉटपर्यंत जाते. गॅलियम नायट्राइड या सिलिकॉनऐवजी वापरल्या जाणाऱ्या अर्धवाहकामुळे डबी लहान झाली, तोटाही घटला, पण उरलेली उष्णता बाहेर टाकायला जागाही तेवढीच कमी राहिली. शिवाय लिहिलेले वॉट बहुधा सगळ्या पोर्टांचे मिळून असतात: ६५ वॉटचा चार्जर दोन उपकरणे लावताच ४५ आणि २० अशी वाटणी करू शकतो. अशा वेळी आधीचे उपकरण क्षणभर चार्जिंग थांबवते, तो दोष नव्हे.

काटकसर करायचीच असेल, तर ती वॉट आणि पोर्टांत करावी. लॅपटॉपचा मूळ चार्जर चालू असेल, तर तो तसाच वापरावा आणि फोन-टॅबलेटसाठी विश्वासार्ह कंपनीचा ३०-४० वॉटचा साधा चार्जर घ्यावा. तो स्वस्तही पडेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. लॅपटॉपचा चार्जर चालू आहे, त्यामुळे तिसऱ्या उत्तराप्रमाणेच करतो. एक शंका राहिली: चार्जरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो बिघडला असे समजावे का?

उत्तर १
चार्जरच्या प्लॅस्टिकला हात लावून झिणझिण्या येत असतील, तर तो तत्काळ काढून टाकावा. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला अगदी सौम्य जाणवत असतील, तर अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही वाय कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहामुळे तसे होते. त्या ठळकपणे जाणवू लागल्या, किंवा सोबत करपल्याचा वास आला, तर मात्र तो चार्जर पुन्हा लावू नये.