शब्दचर्चा : अक्षौहिणी म्हणजे नक्की किती?

मुलीला महाभारत सांगत होतो. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात, असं म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, एक अक्षौहिणी म्हणजे किती? एके ठिकाणी '२,१८,७०० सैनिक' असं वाचलं. बरोबर आहे का? शिवाय लिहायचं कसं, अक्षौहिणी की अक्षोहिणी?

---

आकडा बरोबर, 'सैनिक' चूक. त्यात २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ येतं. रथ, जनावरं आणि माणसं यांची ती एकत्र बेरीज आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न फार जुना, बरं का! आदिपर्वात ऋषींनी महाभारताची कथा सांगणाऱ्या सौतीला अगदी हेच विचारलंय.

एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून एक पत्ति. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म. पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. अनीकिनीत ३ चा सातवा घात, म्हणजे २,१८७ पत्ती होतात. अक्षौहिणी मात्र अनीकिनीच्या दहापट. त्यामुळे २,१८,७०० चे अवयव पाडले तर २² × ३⁷ × ५² एवढंच हाती येतं. दोन लाखांवरची संख्या, आणि मूळ अवयव फक्त २, ३ आणि ५! मला हे फार सुंदर वाटतं.

लेखन अक्षौहिणी. अक्ष + ऊहिनी, इथे नेहमीच्या नियमाने 'ओ' व्हायला हवा होता, पण या शब्दासाठी व्याकरणात खास वार्तिक, म्हणजे मूळ सूत्राला जोडलेला पूरक नियम, आहे आणि त्याने 'औ' होतो.

---

रथ, हत्ती, घोडे, पायदळ, चारही संख्यांच्या अंकांची बेरीज १८ येते, पाहिलंत का? पर्वं १८, युद्धाचे दिवस १८, अक्षौहिणीही १८. हे मुद्दाम जुळवलेलं असणार.

---

बेरीज ९ च्या पटीत येणं अटळच आहे, कारण प्रत्येक संख्येला ९ ने भाग जातो. राहिला प्रश्न अठराचाच का. चमू घ्या : ७२९, २,१८७, ३,६४५. तिथेही १८ च. तिच्या खालच्या पृतनेत २४३ ची बेरीज ९, ७२९ ची १८, १,२१५ ची पुन्हा ९. म्हणजे अठरा ही काही अक्षौहिणीचीच खूण नव्हे. कुरुक्षेत्रावरच्या अठराही अक्षौहिणी एकत्र केल्या तर ३९,३६,६०० होतात, आणि त्या अंकांची बेरीज २७! अठरा पर्वांशी नातं जोडायचं तर ते अक्षौहिणींच्या मोजणीपाशी जोडावं, अंकांच्या बेरजेपाशी नको.

---

चमूचा विषय निघालाच आहे म्हणून. 'डॉक्टरांचा चमू दाखल झाला' अशी बातमी असते तेव्हा पाचसहा जण असतात. जुन्या मोजणीतली चमू ७,२९० ची, आणि संस्कृतात स्त्रीलिंगी. मराठीत आता 'तो चमू' रुळलाय, तो चुकीचा ठरवू नये. पण महाभारताबद्दल लिहिताना 'ती चमू'च हवी.