बंद पडलेल्या उपहासी रॉक बँडचा नवा अल्बम: जुने सेशन पळतात, शब्द कळत नाहीत

फीडबॅकवाला (इंदूर):
मराठी उपहासाची गाणी करणारा बँड, २०१२ पासून बंद. आता अल्बम काढायचाय. सहा गाणी नवी, चार तेव्हाची अर्धवट रेकॉर्ड केलेली. जुने सेशन (रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्ट-फाइल) नव्या लॅपटॉपवर उघडले की गाणी पळतात, सूरही चढतो, आणि गिटारचे निम्मे ट्रॅक मुके. नव्या गाण्यांत शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणजे विनोदच मेला. शिवाय एक गाणं गाजलेल्या हिंदी चालीवर आपले शब्द बसवून केलंय, ते चालेल का? तेव्हाचा ड्रमर आता बँडमध्ये नाही.

फेजउलटा:
एक जुनं गाणं घड्याळ लावून ऐका. ४ मिनिटांचं गाणं ३:४० ला संपत असेल तर रोग सापडला: रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४१०० नमुने) आणि इंटरफेस, म्हणजे संगणकाला जोडलेली आवाजाची पेटी, ४८ वर. वेग सुमारे ८.८ टक्के वाढतो, सूर जवळजवळ दीड सेमीटोन चढतो. सेशन आणि इंटरफेस दोन्ही ४४१०० वर आणा. टाइम-स्ट्रेचने (सॉफ्टवेअरने गाण्याची लांबी ताणून) सरळ करायला जाऊ नका, झांजांचा चिखल होतो.
मुके ट्रॅक म्हणजे बहुतेक जुन्या ३२-बिट पद्धतीचे अँप-सिम्युलेटर, म्हणजे गिटारच्या अँपची नक्कल करणारी सॉफ्टवेअर. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून ३२-बिट काहीच चालत नाही. पण गिटारचा कोरा सिग्नल ऑडिओच्या फोल्डरमध्ये असणारच. जुना संगणक मिळाला तर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून गाण्याच्या शेवटापर्यंत २४-बिट वेव्हमध्ये काढा, एकदा इफेक्टसकट आणि एकदा कोरा. शून्यापासूनच का? नाहीतर नव्या सेशनमध्ये कोणता तुकडा कुठे बसायचा हेच शोधत बसाल. आणि हे सगळं डिस्कची कॉपी करून, त्या कॉपीवर. मूळ डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिला पुन्हा पुन्हा चालू करू नका.

गच्चीवरचा बास:
शब्दांसाठी गायकाचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलणं हा इलाज नव्हे. व्यंजनं आणि डिस्टॉर्शनची गिटार, दोघांचं भांडण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. दोन्ही रिदम गिटार पूर्ण डावीकडे-उजवीकडे टाका, मधली जागा गायकाला सोडा. अँपचा गेन वाटतो त्यापेक्षा कमीच ठेवा, कारण दोनदा वाजवलेली गिटार एकत्र आली की घाण आपोआप वाढते. तरी भागलं नाही तर गिटारच्या बसवर (सगळ्या गिटार एकत्र येतात त्या ट्रॅकवर) डायनॅमिक ईक्यू, म्हणजे गरजेपुरताच आवाजाचा एक पट्टा दाबणारा इफेक्ट, लावून गायक गात असेल तेव्हाच ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डीबी कमी करा.
आता मराठीची खास भानगड. आपलं क्रियापद ओळीच्या शेवटी येतं आणि गायकाचा दमही तिथेच संपतो. टोमणा नेमका त्या ‘म्हणे’त किंवा ‘झालं की’त असतो, आणि तोच बुडतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबून समान करणाऱ्या इफेक्टच्या) आधी हाताने क्लिप-गेन करा, म्हणजे फक्त त्या तुकड्याचा आवाज बदला, शेवटचा शब्द २-३ डीबी वर. मग एकाच कॉम्प्रेसरने ८ डीबी दाबण्यापेक्षा दोन एकामागे एक, प्रत्येकी ३-४. डी-एसर, म्हणजे ‘स’चा शिट्टीसारखा आवाज दाबणारा इफेक्ट, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये आणि जपून, जास्त झाला की ‘साहेब’ बोबडे होतात. लांब रिव्हर्बऐवजी (घुमण्याऐवजी) छोटा डिले (प्रतिध्वनी).
ज्याने गाण्याचे शब्द वाचलेले नाहीत अशाला फोनच्या स्पीकरवर ऐकवा आणि लिहून घ्यायला सांगा. जिथे तो अडेल ती ओळ पुन्हा गाऊन घ्या. मिक्स करून ती सुटणार नाही.

कलमदान:
हिंदी चालीचं गाणं वगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी खाली कव्हरचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा रेकॉर्ड करण्याचा, परवाना मिळतो, पण मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आणि शब्द-चालीत फेरफार न करता. तुम्ही तर शब्दच बदललेत. विडंबनाला कायद्यात नावानिशी सूट नाही. कलम ५२ मधल्या ‘टीका किंवा समीक्षा’चा आधार कोर्टात मांडता येईल, पण यूट्यूबची आपोआप चाल ओळखणारी यंत्रणा कलमं वाचत नाही. चाल स्वतःची करा. अभंगाकडे वळणार असाल तर तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, गाजलेली चाल मोकळी असेलच असं नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.
ड्रमरचं आधी मिटवा. वादकाचा हक्क ५० वर्षांचा असतो. गाण्यांची नावं, श्रेयात नाव, वाट्याची टक्केवारी, सही, एवढा एक कागद पुरे. रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी कोणाची होती तेही त्यात लिहा, निर्माता कोण हे त्यावरून ठरतं.

छप्पनचा पोहेवाला:
भिया लोक, यंत्राचं सगळं झालं, विनोदाच्या तारखेचं काय? इंदूरच्या उकिरड्यांवरचं २०१२ चं गाणं आज कोणाला लागणार? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावून बसलोय आपण. ते गाणं टाका, नाहीतर रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीवर नवं लिहा. उलट बीआरटीएसच्या (बससाठी राखीव मार्गिकेच्या) खोदकामावर तेव्हा काही लिहिलं असेल तर एक अक्षर बदलू नका. २०२५ मध्ये हायकोर्टाने तोच कॉरिडॉर काढायला सांगितला, गाण्याला दुसरी धार फुकटात मिळाली. ‘मिस्ड कॉल’ काढून ‘रील’ घालण्याचा उद्योग मात्र नको, मात्राही बसत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या टिझम या उपहासी बँडचा २००४ नंतरचा अल्बम थेट २०२४ ला आला. ते तोंड झाकून गातात, त्यामुळे वय लपतं. तुमचं लपणार नाही, तर त्याच्यावरच एक गाणं होऊन जाऊ द्या.

फीडबॅकवाला:
३:४० च निघाले! धन्यवाद. मास्टरचा (अंतिम फाइलचा) आवाज किती मोठा ठेवू? आणि जुनी दोन गाणी तेव्हा ऑनलाइन टाकली होती, त्यांचं काय?

फेजउलटा:
स्पॉटिफाय गाणं -१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतं, त्याहून मोठं केलंत तर ते खाली ओढणारच. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वोच्च टोक, -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. जुन्या दोन गाण्यांचं रेकॉर्डिंग तेच असेल तर आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच द्या, नवं मिक्स असेल तर नवा घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये जुन्या आर्टिस्ट पानाची लिंक भरा, नाहीतर त्याच नावाचं दुसरंच पान तयार होतं आणि जुने श्रोते तिकडे फिरकत नाहीत. स्पॉटिफायला प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी. प्रत्यक्षात तीन-चार आठवडे हातात ठेवा, अल्बमच्या मुखपृष्ठाचं चित्र नापसंत होऊन परत येतं बऱ्याचदा.